जुन्या गेमबॉयवर कार्टूनपटांचे गेम खेळताय?

'द लायन किंग'चा गेम गेमबॉयवर (निन्टेंडो कंपनीचं हातात धरून खेळायचं यंत्र) १९९४ मध्ये आला. अशी जुनी करडी कार्ट्रिज (गेम असलेली, यंत्रात खोचायची डबी) हाताशी असेल, तर ती निन्टेंडोच्याच पुढच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्स (२००१) आणि अ‍ॅडव्हान्स एसपी या यंत्रांवर चालते. त्यानंतरच्या डीएस या यंत्रावर चालत नाही. तिथे फक्त अ‍ॅडव्हान्सची छोटी कार्ट्रिज बसते, आणि डीएसआय या डीएसच्या पुढच्या आवृत्तीत तर ती खाचच नाही. अ‍ॅडव्हान्सवर जुना गेम लावला की एल आणि आर बटणांनी चित्र आडवं ताणता येतं आणि मूळ आकारही परत आणता येतो. ताणू नका, पात्रं उगाच बुटकी दिसतात.

गेम सुरूच होत नसेल, तर कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची जुनी सवय सोडा. थुंकीच्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या काळवंडतात. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या उभ्या दिशेने पुसा, काडी काळी निघायची थांबेपर्यंत. पूर्ण वाळल्यावरच लावा.

या गेमांपैकी बऱ्याच स्वस्तात उरकलेल्या गेमांत सेव्हची सोय नसते, लेव्हल संपली की पासवर्ड मिळतो. तो वहीत उतरवण्यापेक्षा मोबाइलवर फोटो काढा. शून्य आणि इंग्रजी ओ यांत हमखास गल्लत होते.

अ‍ॅडव्हान्सची कार्ट्रिज विकत घेताना खालच्या फटीत डोकावा. अस्सल असेल तर पट्ट्यांच्या वर बोर्डावर बारीक अक्षरांत निन्टेंडो छापलेलं दिसतं. नसेल, तर घासाघीस करण्यातही वेळ घालवू नका.