साहेबांचं लिंक्डइन: बोलायचं त्यांनी, लिहायचं कुणी?

'कळवताना अत्यंत आनंद होत आहे' अशी सुरुवात असलेली पोस्ट मॅनेजिंग डायरेक्टरच्या नावाने पडली, की ती त्यांनी लिहिलेली नाही हे कँटीनमध्येही कळतं. दुसऱ्याने लिहून देण्यात गैर काही नाही. साहेबांनी जे कधी म्हटलंच नाही, ते त्यांच्या तोंडी घातलं की माणसं वाचायचं सोडतात. इथली पद्धत कम्युनिकेशन टीमसाठी आणि एक्झिक्युटिव्ह असिस्टंटसाठी आहे. साहेबांची किंवा मॅडमची आठवड्यातली चाळीस मिनिटं पुरतात: सोमवारी दहा मिनिटं बोलणं, बुधवारी पाच मिनिटं मसुदा वाचणं आणि कामाच्या पाचही दिवशी पाच मिनिटं कमेंट.

आधी आवाज

'सर, या आठवड्यात काय टाकू या?' असं विचारलं तर 'तुम्हीच बघा' हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा नेमकं विचारा. गेल्या आठवड्यात कुठल्या निर्णयावर सगळ्यात जास्त वेळ गेला? मीटिंगमध्ये तुमचं म्हणणं कुणी खोडून काढलं? रिपोर्टमध्ये नसलेलं काय दिसलं? विमानतळाच्या वाटेवर गाडीत हे प्रश्न विचारा आणि त्यांना सांगून फोनवर रेकॉर्ड करा. ज्या भाषेत विचार करतात त्याच भाषेत बोलू द्या. मराठी-इंग्रजीची सरमिसळ चालेल.

समजा रेकॉर्डिंग असं आहे: 'चाकणला लाइनवर गेलो, तर टूल ट्रॉलीच्या चाकांभोवती खडूने खुणा. विचारलं, हे काय? ऑपरेटर म्हणाला, ट्रॉली रोज चार बोटं सरकते, मग हात शोधत बसतो. आम्ही वर ऑटोमेशनच्या गप्पा मारत होतो.' याचा हमखास होणारा मसुदा म्हणजे 'आमच्या कर्मचाऱ्यांची नावीन्यपूर्ण विचारसरणी हीच आमची ताकद'. खडू गेला, चार बोटं गेली आणि साहेबांनी स्वतःला काढलेला चिमटाही गेला. तेव्हा आधी बोलणं जसंच्या तसं उतरवा, मग फक्त पाल्हाळ कापा. पोस्ट खडूपासूनच सुरू करा, कारण मोबाइलवर पहिल्या तीनेक ओळीच दिसतात, बाकीचं टिचकी मारल्याशिवाय उघडत नाही. मर्यादा 3000 अक्षरांची असली तरी एवढ्या गोष्टीला 800 ते 1000 पुरतात.

सोबत एक वही ठेवा: साहेब वापरतात ते शब्द एका पानावर, कधीच वापरत नाहीत ते समोरच्या पानावर. मसुदा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या टूलमधून काढत असाल, तर ही वही जास्तच लागेल.

फोटो असेल तर माणसाआधी पार्श्वभूमी बघा. व्हाइटबोर्डवरचे आकडे, ग्राहकाच्या पार्टचा नंबर, गळ्यातलं ओळखपत्र, टेबलावरचं ड्रॉइंग हे सगळं मोठं करून वाचता येतं. आणि खडूवाल्या ऑपरेटरला विचारल्याशिवाय त्याचं नाव टाकू नका.

पासवर्ड मागू नका

कंपनीच्या पेजला ॲडमिन नेमता येतो, वैयक्तिक प्रोफाइलला येत नाही. खातं दुसऱ्याला वापरायला देणं लिंक्डइनच्या करारात बसत नाही, आणि व्यवहारातही ते त्रासाचंच: ओटीपी साहेबांच्या फोनवर जातो आणि तो विचारायला तुम्ही बोर्ड मीटिंगमध्ये फोन करता. मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवा, पेस्ट त्यांनीच करावा. इथे दोन गोष्टी हटकून बिघडतात. व्हॉट्सॲपमधले ठळक शब्द कॉपी केले की त्यांच्या दोन्ही बाजूंच्या चांदण्याही पोस्टमध्ये येतात. म्हणून मसुदा साधाच ठेवा. आणि पेस्ट केलेल्या नावाला टॅग लागत नाही. ॲटचं चिन्ह टाइप करून यादीतून नाव निवडावं लागतं, तेव्हा टॅग कुठे लावायचे हे मसुद्याखाली वेगळ्या ओळीत लिहा.

लिंक्डइनवर पोस्ट तीन महिने आधीपर्यंत शेड्यूल करता येते. पण प्लांटमध्ये अपघात झाला त्याच सकाळी 'सोमवारची ऊर्जा' बाहेर पडली, तर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. रोज नऊला ही रांग एकाने तपासायचीच. ती फक्त साहेबांच्या लॉगिनमध्ये दिसते, म्हणून तारखांची नक्कल तुमच्या कॅलेंडरवर हवी. पोस्ट गेल्यावर पहिला तासभर साहेब उत्तर द्यायला मोकळे हवेत. विमानात असतील तर वेळ बदला.

कमेंट ही खरी हजेरी

महिन्याला दोन पोस्ट झाल्या तरी खूप, कमेंट मात्र रोज हवी. तीस जणांची यादी करा: दहा ग्राहक आणि पुरवठादार, दहा त्याच व्यवसायातले जाणकार, दहा आपलेच लोक. सकाळी पाच लिंक पाठवा आणि प्रत्येकीपुढे हे का वाचावं ते एका ओळीत सांगा. साहेब दोन निवडतील आणि स्वतः टाइप करतील. चुकीची वेलांटी राहिली तर राहू द्या.

कसोटी सोपी आहे: तीच कमेंट दुसऱ्या कुठल्याही पोस्टखाली चालत असेल तर खोडा. 'खूप छान विचार' कुठेही चालतं. 'तुमच्या कास्टिंगच्या आकड्यात रीवर्क धरलंय का?' हे तिथेच चालतं. अभिनंदनाची तयार बटणं दाबूच नका. कुणाच्या निधनाची पोस्ट असेल तर आधी फोन.

मेसेजना साहेबांच्या नावाने उत्तर देऊ नका. 'मी सरांच्या ऑफिसमधून लिहितेय' असं स्वतःच्या खात्यावरून लिहिलं तर कुणालाही राग येत नाही.

कंपनी लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेली) असेल तर

सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांनुसार तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर 48 तास उलटेपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे आतली माहिती असणाऱ्यांना कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. पोस्टसाठीही हेच कुंपण धरा: त्या काळात विक्री, ऑर्डर, मार्जिन यांवर एक शब्दही नको. डिव्हिडंड, विलीनीकरण, वरिष्ठ पदांवरचे बदल हे तर एक्सचेंजला कळवण्याआधी कधीच नको. एरवीही आकडा असलेली प्रत्येक पोस्ट कंपनी सेक्रेटरीच्या नजरेखालून जाऊ द्या. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे सीईओ रीड हेस्टिंग्ज यांनी जुलै 2012 मध्ये फेसबुकवर टीमचं कौतुक करताना लिहिलं, की प्रेक्षकांनी महिन्याभरात नेटफ्लिक्स पाहिल्याचा वेळ पहिल्यांदाच एक अब्ज तासांवर गेला. अमेरिकेच्या एसईसीने (तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाने) चौकशी लावली. एप्रिल 2013 मध्ये कारवाईशिवाय ती मिटली, पण माहिती कुठल्या माध्यमावर मिळेल हे गुंतवणूकदारांना आधी सांगून ठेवायला हवं, हेही एसईसीने स्पष्ट केलं. शाबासकी देतानाच आकडे निसटतात, म्हणून कौतुकाच्या पोस्ट जास्त बारकाईने वाचा.

कधी दोन-तीन आठवडे रेकॉर्डिंगच मिळत नाही. मग ती जागा सुविचाराने किंवा सणाच्या ग्रीटिंगने भरू नका. कमेंट चालू ठेवा आणि पुढच्या विमानतळाच्या फेरीला गाडीत बसा.