कुकुंबर ट्री लावताय? सोनचाफ्याच्या हिशेबानं लावू नका

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलं की आपल्या माणसाला अंगणात चाफा हवा असतो. तिथल्या बहुतेक भागांतल्या हिवाळ्यात सोनचाफा बाहेर टिकत नाही. मग नर्सरीवाला सुचवतो, कुकुंबर ट्री लावा, इथलंच मॅग्नोलिया आहे, उणे ३० अंश सेल्सियसमध्येही तग धरतं. ते खरं आहे आणि सोनचाफ्याशी नातंही खरं, दोघांचं कुळ एकच. फसगत होते ती पुढे, अपेक्षांमध्ये.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘झाड फुलतच नाही’. बहुतेक वेळा ते फुललेलं असतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. फुलं मेअखेर-जूनमध्ये, पानं फुटल्यावर, उंच शेंड्याकडे येतात. पाकळ्या हिरवट-पिवळ्या, त्यामुळे पानांत मिसळून जातात. वासही बेताचाच, सोनचाफ्याचा घमघमाट इथे शोधू नका. उन्हाळ्यात झाडाखाली काकडीच्या पिल्लासारखी हिरवी, बोटभर फळं पडलेली दिसली तर समजा, बहर येऊन गेला. पुढे फळ लाल होतं, उकलतं आणि शेंदरी बिया बारीक धाग्याला लोंबकळतात. झाडाची खरी शोभा मला तरी तीच वाटते. अर्थात, रोप बियांचं असेल तर फुलायला १० वर्षांहून सहज जास्त लागतात. डोळ्यासमोर फुलं हवीच असतील तर ब्रुकलिन बोटॅनिक गार्डननं तयार केलेली ‘एलिझाबेथ’ ही फिकट पिवळी संकरित जात घ्या. तिच्यात कुकुंबर ट्रीचंच रक्त आहे. मात्र ती लवकर फुलते, म्हणून वसंतातल्या उशिराच्या हिमकडाक्यात कळ्या जळू शकतात. मूळ झाड उशिरा फुलत असल्यानं त्यातून सहसा वाचतं.

दुसरी चूक जागेची. हे जंगलातलं झाड, ६० ते ८० फूट जातं. विजेच्या तारांखाली किंवा भिंतीला लागून लावलं की आज ना उद्या करवत आलीच, आणि मॅग्नोलियाच्या जखमा लवकर भरत नाहीत. छाटायचंच असेल तर बारीक फांद्या भर उन्हाळ्यात छाटा.

मुळ्यांच्या बाबतीत तर हलगर्जीपणा अजिबात चालत नाही. त्या मांसल, दोरासारख्या असतात. दुखावल्या की झाड वर्षभर रुसून बसतं. म्हणून मोठं झाड उपटून आणण्यापेक्षा कुंडीतलं लहान रोप घ्या आणि ते पानगळीत न लावता वसंतात लावा. खोड जिथे रुंदावून मुळ्या सुरू होतात तो भाग मातीच्या वरच दिसला पाहिजे. पालापाचोळ्याचं आच्छादन पसरून घाला, खोडाला टेकवून ढीग रचू नका. आळ्यात दरवर्षी खणून मोसमी फुलझाडं लावायचा मोहही आवरा.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर खत ओतण्याआधी मातीचा सामू (पीएच) तपासा. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही. कडा करपल्या असतील तर पाणी कमी पडतंय, किंवा रस्त्यावर टाकलेलं मीठ मुळांपर्यंत पोचतंय. पाणी हवंच, पण ते साचता कामा नये.

पानं चिकट, त्यांवर काळी काजळी, फांदीवर मुंग्यांची रांग, असं दिसलं तर फांदीची खालची बाजू बघा. सेंटीमीटरभर फुगीर गाठी दिसतील. ती खवले कीड आहे. नुसती काजळी पुसून काही होत नाही. किडीची पिल्लं उन्हाळ्याच्या शेवटी बाहेर पडतात, तेव्हा किंवा वसंतात पानं फुटण्याआधी बागकामाचं तेल (हॉर्टिकल्चरल ऑइल) फवारा.

बियांपासून रोप करणाऱ्यांनी वरचं लाल साल काढावं आणि बी वाळू न देता ओलसर वाळूत फ्रिजमध्ये साधारण ३ महिने ठेवावं. कॅनडात हे झाड रानात फक्त दक्षिण ऑन्टारियोत उरलंय आणि संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे, तेव्हा रानातल्या झाडाला हात लावू नका. पुण्या-मुंबईला बिया पाठवायचा विचारही सोडा, फ्रिजच्या थंडीनं बी उगवलंही, तरी हे थंड हवेचं झाड आहे. तिथे सोनचाफ्याचं कलम लावा.