आनाफीला जायचंय? आधी बोटीचं बघा

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर सगळेच जातात, पण तिथून पूर्वेला बोटीने साधारण दीड तासावर आनाफी आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. ३८ चौरस किलोमीटरचं बेट, कायमची वस्ती तीनशेच्या आसपास, विमानतळ नाही. मला हे बेट मनापासून आवडतं, म्हणून नीट सांगतो.

सगळ्यात आधी बोट. आठवड्यातून मोजक्याच फेऱ्या असतात, त्यामुळे टाइमटेबल बघून तारखा ठरवा, मग रूम आणि मग विमान, उलटं केलंत की अडकलात. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो जोरात असला की बोटी सुटतच नाहीत. माझी एकदा परतीची बोट अशीच रद्द झाली आणि पुढची फ्लाइट गेली, तेव्हापासून मी घरी यायच्या फ्लाइटआधी दोन दिवस मोकळे ठेवतो, तुम्हीही ठेवा. जून किंवा सप्टेंबर बेस्ट.

बोट आयोस निकोलाओसला लागते, गाव म्हणजे खोरा वर डोंगरावर. बस असते, पण बोट बऱ्याचदा रात्रीची पोचते म्हणून रूमवाल्यांना आधीच मेसेज करून न्यायला या म्हणावं. युरो कॅश जवळ ठेवा. आणि टॉयलेट पेपर फ्लश करायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा, ग्रीसमध्ये पाइप बारीक असतात.

व्हेज खाणाऱ्यांनी एक शब्द पाठ करा, निस्तीसिमो, म्हणजे उपवासाचं, त्यात मांस, अंडी, दूध काही नसतं. मात्र कोळंबी, कालवं त्यांच्या उपवासाला चालतात, तेव्हा तेवढं विचारून घ्या.

आता खरी गोष्ट, कालामोस. बेटाच्या पूर्व टोकाला समुद्रातून सरळ वर आलेला चुनखडीचा प्रचंड सुळका आणि त्याच्या माथ्यावर कालामियोतिसाचा, म्हणजे मदर मेरीचा, छोटा पांढरा मठ. पायथ्याशी दुसरा मठ आहे, तो अपोलोच्या जुन्या देवळाच्या जागी बांधलाय, भिंतींमध्ये त्या देवळाचे घडीव दगड अजून दिसतात, थांबून हात लावून बघा. तिथून वर तासभर चढ, सावली अजिबात नाही, पाणी नाही, त्यामुळे माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि अंधार असतानाच निघा. वाटेवर रानटी थाइमचा वास येत राहतो, वर पोचलं की तिन्ही बाजूंना नुसता समुद्र. वारा जोरात असेल तर मात्र जाऊ नका, कडा फार सरळ आहे.

उतरल्यावर दुपारी रूकूनास बीचच्या वाळूत टॅमरिस्कच्या झाडाखाली आडवं व्हायचं.

परतताना अथेन्सला अर्धा दिवस असेल तर अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी अनाफिओटिका बघाच, एकोणिसाव्या शतकात तिकडे बांधकामाला गेलेल्या आनाफीच्या गवंड्यांनी आपल्या गावासारखीच पांढरी घरं तिथे बांधली, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं.