बेवारस जार फाइलची ओळख कशी पटवायची

डिसेंबर २०२१. लॉगफोरजे या जावाच्या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी जगजाहीर झाली, तेव्हा मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीचे जुने सर्व्हर सांभाळत होते. फाइलींच्या नावांत लॉगफोरजे शोधलं, एकही सापडली नाही. शनिवारी लिब फोल्डरमध्ये ‘युटिल-नवीन’ नावाची जार, म्हणजे जावाचा कोड बांधून ठेवलेली झिप फाइल, दिसली. ती ठेवणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी ठशासारखी अक्षरमाला, काढला, तर ती निघाली लॉगफोरजे-कोअर २.१४.१. तेव्हापासून मी आधी हॅश काढते, नाव मग वाचते.

फाइलची प्रत घ्या आणि ती उघडून पुन्हा झिप करू नका. झिपमधली एखादी तारीख बदलली तरी हॅश पार वेगळा येतो. हॅश काढायला लिनक्सवर शा-वन-सम, विंडोजवर सर्टयुटिल किंवा पॉवरशेलचं गेट-फाइलहॅश. हे शेवटचं न सांगता एसएचए-२५६ प्रकारचा हॅश देतं, म्हणून एसएचए-१ मुद्दाम मागा. मेवन सेंट्रल या जावा लायब्ररींच्या सार्वजनिक साठ्यावर त्यावरूनच शोधता येतं. ४० अक्षरं यायला हवीत. ६४ आली तर तुम्ही दुसराच हॅश घेऊन बसला आहात.

वॉर फाइल (जार पोटात असलेलं वेब अ‍ॅप) असेल तर ती वेगळ्या फोल्डरमध्ये सोडवून आतल्या प्रत्येक जारचा हॅश काढा.

जुळलं नाही, तर बहुधा कोणीतरी अनेक लायब्ररी एकाच जारमध्ये कोंबल्या आहेत. इथे घाई करू नका. जारमधल्या मेटा-इन्फ फोल्डरमध्ये पॉम-प्रॉपर्टीज ही फाइल मिळते का बघा. त्यात आवृत्ती लिहिलेली असते. नसेल तर एकेका क्लास फाइलचा (जावाच्या तयार कोडचा) हॅश मूळ जारमधल्या क्लासशी ताडून बघा. पॅकेजचं नाव बदललेलं असेल तर मात्र तेही जुळत नाही. जावास्क्रिप्टच्या फाइलींत ओळीच्या शेवटाची खूण विंडोजची की लिनक्सची, एवढ्यानेही हॅश बदलतो.

अनोळखी फाइल ऑनलाइन तपासणीला चढवू नका, ती क्लायंटची असते. नुसता हॅश पाठवा. लक्झेंबर्गच्या सर्कल या सायबरसुरक्षा संस्थेची हॅशलुकअप सेवा तेवढ्यावर उत्तर देते. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची एनएसआरएल ही माहीत असलेल्या सॉफ्टवेअरच्या हॅशची यादीही कामाची, पण तिच्यात असणं म्हणजे ‘माहीत असलेली फाइल’, एवढंच. माझी २.१४.१ अस्सल होती आणि धोका तिचाच होता.

२०१७ मध्ये एकाच एसएचए-१च्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या गेल्या. म्हणून कोणी मुद्दाम फसवत असल्याची शंका आली, तर मूळ जार उतरवून दोन्हींचे एसएचए-२५६ ताडा. मग जागा, हॅश, आवृत्ती आणि तारीख वहीत टिपा.