फिकट राखाडी अक्षरं मी का सोडली
मला बारीक, फिकट राखाडी अक्षरं खूप आवडायची. स्वतःच्या साईटवर तेच केलं, १४ पिक्सेल, वेट (अक्षराची जाडी) ३००, पांढऱ्यावर ९९९ या रंग-कोडचा राखाडी आणि मराठी शीर्षकांना थोडं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर), दिसायला एकदम मोकळं वाटायचं. मग एकदा आईला लेख वाचायला दिला तर तिने फोन आधी लांब धरला, मग जवळ घेतला, ब्राइटनेस वाढवला आणि म्हणाली, "तूच वाचून दाखव." फार वाईट वाटलं.

त्याच रात्री अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट तपासला. २.८५:१ निघाला आणि डब्ल्यूसीएजी (साईट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे निकष) साध्या मजकुराला किमान ४.५:१ मागतं. रंग ३३३ म्हणजे गडद राखाडी केला, कॉन्ट्रास्ट १२:१ च्या वर गेला. साईझ १८ पिक्सेलच्या आसपास नेली पण रेममध्ये (पानाच्या मूळ अक्षर-साईझच्या पटीत मोजणारं एकक), कारण पिक्सेलमध्ये फिक्स केलं की ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कोणी अक्षर मोठं केलं तरी आपल्या साईटवर काहीच होत नाही. वेट ४००.

खरी चूक लेटर-स्पेसिंगची होती. इंग्रजी कॅपिटल्सना ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषाच तुटते, शब्द तुकड्या-तुकड्यांत दिसतो. ते शून्य केलं. लाईन-हाईट (ओळीची उंची, अक्षराच्या साईझच्या पटीत) १.४ वरून १.७ केली, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना चिकटत होत्या. ओळीची रुंदी साधारण ६५ अक्षरांवर थांबवली, झालं.

माझी आवड अजून आहेच, ती आता लोगोत आणि मोठ्या सजावटीच्या आकड्यांत ठेवलीय. आईने परवा दोन लेख सलग वाचले, चष्मा न शोधता.