मेटा कीवर्ड टॅग सोडा, तो वेळ इथे द्या

रावेर-यावलकडे केळी वेफर्स करणाऱ्याने वेबसाईट करायला दिली की एक प्रश्न हमखास येतो: "कीवर्ड सांगा, टॅगमध्ये टाकतो." मग "केळी वेफर्स, जळगाव वेफर्स, खान्देशी वेफर्स" अशी तीस-चाळीस शब्दांची माळ तयार होऊन पानाच्या कोडमधल्या मेटा कीवर्ड टॅग नावाच्या ओळीत जाते. गूगलवर वर येण्यासाठी या माळेचा काडीचाही उपयोग नाही. वेब शोधाच्या क्रमवारीत हा टॅग धरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. १९९० च्या दशकात अल्टाव्हिस्टासारखी शोधयंत्रं तो वाचायची. पण टॅग गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून लोकांनी त्यात वाटेल ते कोंबलं आणि त्याचा भरवसा गेला.

आधी आपल्या पानावर काय आहे ते बघा. संगणकावर पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा, पानाचा कोड दिसेल. त्यात "कीवर्ड्स" (keywords) नावाची मेटा ओळ असली तर काढून टाका. राहिली तरी गूगलवर नुकसान नाही, फक्त तुम्ही कोणत्या शब्दांमागे आहात ते शेजारच्या दुकानदाराला फुकटात कळतं.

त्याच कोडमध्ये "नोइंडेक्स" (noindex) शब्द शोधा; हे पान निकालात दाखवू नका, असं तो शोधयंत्राला सांगतो. हा खरा घातक. साईट तयार होत असताना वर्डप्रेस या साईट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंग या पानावर, शोधयंत्रांना मज्जाव करणारी खूण केलेली असते आणि नंतर काढायची राहून जाते. ती खूण असेपर्यंत बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

आता टायटल, म्हणजे शोधाच्या निकालात दिसणारं पानाचं शीर्षक. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. पुष्कळ साईटींवर तिथे नुसतं "होम" असतं. त्याऐवजी "केळीचे वेफर्स, साधे आणि मिरी – रावेर, जि. जळगाव" असं लिहा. माल काय, कुठला, हे पहिल्या काही शब्दांतच आलं पाहिजे, कारण लांब टायटल मोबाईलवर मध्येच तुटतं. प्रत्येक पानाला वेगळं टायटल हवं.

डिस्क्रिप्शन टॅगने, म्हणजे कोडमधल्या पानाच्या छोट्या वर्णनाने, क्रमांक वाढत नाही, पण निकालाखाली अनेकदा तीच ओळ दिसते आणि ती वाचूनच माणूस क्लिक करतो. दोन वाक्यं पुरेत: पाकीट किती ग्रॅमचं, कोणत्या तेलात तळलेलं, घरपोच कुठवर. गूगलला ती शोधाशी जुळणारी वाटली नाही तर तो पानावरचाच मजकूर उचलतो.

म्हणून गिऱ्हाईक जे शब्द टाईप करतं ते पानावर उघड लिहा. कोणी "केळी चिप्स" शोधतं, कोणी "केळ्याचे वेफर्स". दोन्ही सहज वाक्यात येऊ द्या. भाव आणि पत्ता फक्त फोटोत असेल तर तो मजकूर म्हणूनही टाका.

शेवटी गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात साईट जोडा, ते मोफत आहे. बदललेल्या पानाची यूआरएल तपासून इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलच्या नोंदीत पान घेण्याची, विनंती करा; फरक दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. मग परफॉर्मन्स अहवालात लोकांनी नेमके कोणते शब्द शोधले ते वाचा. पान वरच्या क्रमांकावर दिसतंय पण क्लिक मोजकेच, असं असेल तर आधी टायटल आणि डिस्क्रिप्शन बदलून बघा.