कॅनडात बंदुकीचा परवाना : नव्याने आलेल्यांसाठी

भारतातला शस्त्र परवाना इथे चालत नाही. तिथे तुमच्या परवान्यावर कोणतं हत्यार आहे त्याची नोंद असते, आणि पिकाची राखण किंवा जिवाला धोका असं कारण पटवून द्यावं लागतं. इथला परवाना माणसाचा असतो. त्याला सगळे 'पॅल' म्हणतात (पझेशन अँड अॅक्विझिशन लायसन्स, म्हणजे बंदूक बाळगण्याचा आणि घेण्याचा परवाना). वय १८ पूर्ण हवं, नागरिकत्वाची अट नाही. स्वसंरक्षणासाठी बंदूक हा विचार मात्र मनातून काढून टाका. इथे पॅल काढतात ते शिकारीसाठी आणि शूटिंग रेंजसाठी. पिस्तुलाचा तर प्रश्नच नाही, कारण २१ ऑक्टोबर २०२२ पासून सामान्य माणसाला हँडगन विकत घेता येत नाही. म्हणून साधा नॉन-रिस्ट्रिक्टेड परवानाच काढा. शिकारीच्या बहुतेक रायफली आणि शॉटगन त्यात येतात. काडतुसं घ्यायलाही हाच परवाना दाखवावा लागतो.

सुरुवात सेफ्टी कोर्सपासून होते. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत ८० टक्के हवेत. लेखी परीक्षा फारशी जड नाही. माणसं अडकतात ती प्रात्यक्षिकात: हातातली बंदूक फिरवताना नळीचं तोंड शेजाऱ्याकडे जातं, नाहीतर बोट नकळत ट्रिगरवर जातं. बंदूक रिकामी आहे असं सांगितलं, तरी चेंबर (गोळी बसते ती जागा) उघडून स्वतः बघायचं. घरी काठी हातात घेऊन सराव केला तरी बोट बाहेर ठेवायची सवय लागते.

मग आरसीएमपीकडे, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांकडे, अर्ज. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावंच लागतं. प्रत्यक्षात जास्तच धरून चाला. फी सुमारे ७० डॉलर, ती दरवर्षी थोडी बदलते.

आपल्या लोकांचे अर्ज मुख्यतः दोन ठिकाणी रखडतात. पहिलं म्हणजे नाव. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते गायब, आणि कोर्सच्या अहवालावर तिसरंच काहीतरी. कोर्सला नाव नोंदवतानाच सरकारी ओळखपत्रावर आहे तसं, अक्षरन् अक्षर लिहा.

दुसरं म्हणजे माणसं. संदर्भ म्हणून दोन जण द्यावे लागतात, आणि त्यांची तुमची ओळख किमान तीन वर्षांची हवी. नवीन आलेल्याला इथेच अडचण येते. ऑफिसमधल्या कालपरवाच्या ओळखीवर भागत नाही. जोडीदाराचं नाव संदर्भ म्हणून देता येत नाही. ज्यांची नावं द्याल त्यांना आधी विचारा, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचला म्हणून सांगून ठेवा. फोटोची ओळख पटवणारा जामीनदारही लागतो.

नवरा किंवा बायको यांची सही अर्जावर असते. गेल्या दोन वर्षांत एकत्र राहिलेला पूर्वीचा जोडीदार असेल तर त्याचाही उल्लेख करावा लागतो. सही नसेल तर अधिकारी त्यांना कळवतात, म्हणून घरात आधी मोकळेपणाने बोला. घरातल्या माणसाला भीती वाटत असेल तर अर्ज करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घटस्फोट, नोकरी जाणं, नैराश्य याबद्दल थेट प्रश्न असतात. 'होय' लिहिलं म्हणून अर्ज आपोआप नाकारला जात नाही, पण खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. शक्य असेल तर भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही हाताशी ठेवा.

बंदूक घरी ठेवताना ती रिकामी हवी, आणि एकतर ट्रिगरला कुलूप हवं किंवा ती सहज फोडता येणार नाही अशा कुलूपबंद कपाटात हवी. काडतुसं वेगळी ठेवा, नाहीतर तीही कुलपात. घरात लहान मुलं असतील तर ट्रिगरलॉक आणि कपाट दोन्ही वापरा. शिकारीचं लायसन्स प्रांताचं आणि वेगळं असतं. क्यूबेकमध्ये लांब नळीच्या बंदुकीचीही नोंदणी करावी लागते.

परवाना पाच वर्षांचा. नव्याने आलेला माणूस भाड्याची घरं बदलत राहतो, आणि नूतनीकरण हुकतं ते याचमुळे: सूचना जुन्या पत्त्यावर जाते. घर बदललं की ३० दिवसांत पत्ता कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. सूचनेची वाट न बघता मुदतीच्या तीन महिने आधीच अर्ज करा. फोटो पुन्हा लागतो. मुदत संपलीच तर नॉन-रिस्ट्रिक्टेडसाठी सहा महिन्यांची सवलत आहे, पण त्या काळात बंदूक वापरता येत नाही आणि काडतुसं घेता येत नाहीत. तेही महिने गेले तर घरातली बंदूक बेकायदा ठरते, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.